सार्वजनिक धोरणाचे पदवी शिक्षण : एका पालकाच्या प्रश्नाच्या निमित्ताने

(सुवर्णमहोत्सवानिमित्त पाटण येथे झालेल्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)



समारंभापूर्वी चहापानाच्या वेळी एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिने सी.ए. व्हावे अशी घरची इच्छा. ती मात्र सार्वजनिक धोरण शिकायचे म्हणते. हे असते तरी काय? आणि पुढे पोटापाण्याचे काय?" लिहून आणलेले भाषण मी खिशातच ठेवले आहे. या दोन प्रश्नांविषयीच बोलतो.

आपण बहुतेक व्यापारी मंडळी. दरवर्षी आपण व्यवसाय कर भरतो, पावती फाईलला लावतो आणि विसरून जातो. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. ती योजना सुचली सांगली जिल्ह्यातील विसापूरच्या वि. स. पागे यांना. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाने त्याची कसोटी पाहिली, १९७७ साली राज्याचा कायदा झाला आणि २००५ साली त्याच विचारावर केंद्राने देशासाठी कायदा केला. काम मागणाऱ्याला काम द्यायचे, हे सांगणे सोपे. पण पैसा कोणाकडून घ्यायचा, मजुरी किती ठेवायची, पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर काय करायचे, खडी फोडून झाल्यावर गावाच्या हाती काय उरले, या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध विचार म्हणजे सार्वजनिक धोरणाचा अभ्यास. त्यात अर्थशास्त्र येते, संख्याशास्त्र येते, कायदा आणि राज्यशास्त्र येते, आणि गावोगाव फिरून माणसांशी बोलणेही येते.

स्वतःचे उदाहरण देतो. १९६८ साली मी ई.बी.सी. सवलतीवर शिकत होतो. आपल्या पाटणचे सुपुत्र बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना मिळालेली ही सवलत. जात न पाहता पालकाचे उत्पन्न पाहणारी. मर्यादा वार्षिक १२०० रुपये. माझे वडील पेढीवर दिवाणजी होते, त्यांचे उत्पन्न त्या रेषेच्या आत बसले. माझ्या बाकावरच्या मित्राच्या वडिलांचे काही रुपयांनी बाहेर गेले. तो हुशारीत माझ्यापेक्षा कांकणभर सरसच होता. पुढच्या जूनमध्ये तो वर्गात दिसला नाही. सवलत चांगली होती, हजारो घरे तिने उभी केली, तरीही रेषा नेमकी तेथेच का ओढली, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. पदवीच्या वर्गात मुलांना असेच प्रश्न विचारायला आणि आकडे मांडून त्यांची उत्तरे शोधायला शिकवतात.

कोयनेचे तर आपण साक्षीदार आहोत. धरण झाले, पोफळीला वीज झाली, राज्याचे कारखाने चालले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा मात्र १९७६ साली आला. म्हणजे धरण आधी आणि कायदा नंतर. त्या काळी अभियंते उत्तम होते. उठणाऱ्या गावांचा हिशेब मांडणारी माणसे मात्र कमी पडली असावीत, असे माझे मत आहे.

आपल्या समाजाला हे क्षेत्र परके नाही. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. हिशेबाची सवय आपल्या रक्तात आहे. ती दुकानाच्या उंबऱ्यापाशीच थांबावी असे नाही.

आता पोटापाण्याचा प्रश्न. सी.ए. इतकी निश्चित वाट ही नाही, हे मी लपवणार नाही. सुरुवातीचे वेतनही बहुधा कमीच असते. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग, २०१५ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री फेलोशिपसारख्या योजना आणि स्पर्धा परीक्षा अशा वाटा आहेत. पण बऱ्याच ठिकाणी पुढे पदव्युत्तर शिक्षण लागतेच. तेव्हा पाच-सहा वर्षांची तयारी ठेवावी. खाजगी विद्यापीठांचे शुल्क आपल्यासारख्यांना न परवडणारे असते. त्यासाठी कर्ज काढू नये, असे मी स्पष्ट सांगेन. जवळच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र घ्यावे, जोडीला संख्याशास्त्र घ्यावे. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषयाची सोय केली आहे. पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली ती साताऱ्याचे वकील रावबहादूर काळे यांच्या देणगीतून. तेथे अलीकडे अर्थशास्त्राचा पदवी अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. सातारकराने दिलेल्या पैशावर सातारच्या मुलीने शिकावे, यासारखे दुसरे सुख ते काय!

विश्वस्तांना एक विनंती आहे. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि सी.ए. असे तीनच रकाने आहेत. मघाच्या त्या मुलीने अर्ज आणला आहे, पण कोणत्या रकान्यात खूण करावी हे तिला कळेना, म्हणून तो कोराच तिच्या हातात आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात चौथा रकाना छापावा, आणि तोवर तिचा अर्ज तसाच स्वीकारावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.