शोधयंत्र आणि पहिला क्रमांक
(सुवर्णमहोत्सवी समारंभात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मुलांच्या उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर मी बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय मला वर्गातच सापडला. सातवीतल्या एका मुलाने निबंधात चुकीचे साल लिहून आणले. "हे बरोबर कशावरून?" असे विचारले, तर म्हणतो, "सर, मोबाईलवर सगळ्यात वर तेच आलं होतं!" जे वर आले ते खरे, ही समजूत कोठून आली याचा विचार करता करता मी गूगल कंपनीच्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोचलो.

या इतिहासाचा उगम ग्रंथालयाच्या कामात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९९५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांची गाठ पडली. ब्रिन मूळचे मॉस्कोचे. सहा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. विद्यापीठात तेव्हा सरकारी अनुदानावर डिजिटल ग्रंथालयाचा प्रकल्प चालू होता, आणि पेज यांचे संशोधन त्यातूनच निघाले.

त्या काळची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. एखाद्याने आपल्या पानावर तोच शब्द शंभर वेळा लिहिला की स्वारी वर! या दोघांनी निराळा विचार केला. पान स्वतःविषयी काय म्हणते ते राहू द्या. इतर किती पाने त्याच्याकडे बोट दाखवितात ते पाहा. शिवाय बोट दाखविणारा कोण, तेही पाहा. दहा टवाळांच्या शिफारशीपेक्षा एका जाणत्याची शिफारस जड, हे आपल्या गावातही चालतेच. एका पानावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या या जोडणीला मराठीत 'दुवा' म्हणतात. आमच्या घरी दुवा म्हणजे आशीर्वाद. ज्याला थोरांची दुवा अधिक, तो वर. मला तरी ही पद्धत समजली ती अशी. तिच्यावरील निबंधाच्या चार लेखकांत जम्मूत जन्मलेले राजीव मोटवानी हेही होते.

पुढचा भाग पैशाचा. ऑगस्ट १९९८ मध्ये सन कंपनीचे एक संस्थापक अँडी बेक्टोल्शाइम यांनी १ लाख डॉलरचा चेक लिहून दिला. गंमत अशी, की ज्या कंपनीच्या नावे चेक होता ती अजून जन्मलीच नव्हती! सप्टेंबरात तिची नोंदणी झाली. कचेरी होती मेन्लो पार्क गावातील एका घराच्या मोटारखान्यात. विद्यापीठाला शोधपद्धतीच्या हक्कांबद्दल जे शेअर मिळाले, ते पुढे ३३ कोटी ६० लाख डॉलरला विकले गेले. विश्वस्तांनी कृपया नोंद घ्यावी.

आता मुलांनी नीट ऐकावे. १९९८ च्याच एका निबंधात पेज व ब्रिन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र साहजिकच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दुरावेल. आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच कंपनीने जाहिरातींची योजना सुरू केली! शोधाची उत्तरे आणि जाहिराती वेगळ्या ठेवल्या, जाहिरातीवर तशी खूणही केली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु घाईतले पोर खूण थोडीच वाचते? २००४ साली कंपनीचे शेअर ८५ डॉलरने बाजारात आले, २००६ मध्ये तिने यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घेतले, आणि २०१५ साली मदुराईत जन्मलेले सुंदर पिचाई गूगलचे प्रमुख झाले.

उत्तम वस्तू बनविली म्हणून कंपनी वर आली, यात मला शंका नाही. वर राहण्यासाठी मात्र तिने दुसरेही उपाय केले. फोनमध्ये व ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे, यासाठी एकट्या २०२१ साली तिने २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे न्यायालयात बाहेर आले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी, कंपनीने शोधाच्या धंद्यातील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकविली, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी असे एकमेव हक्काचे करार करण्यास मनाई केली. क्रोम ब्राउझर विकावयास मात्र लावले नाही.

त्या मुलाचे गुण मी कापले नाहीत. ज्या पानावरून साल घेतले ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि त्याने ते कोठून घेतले, एवढे शोधून आण म्हटले. चार दिवसांनी तो आला तो आपल्याच वाचनालयातले पुस्तक काखोटीला मारून. साल दुरुस्त केले होते, आणि वर मलाच विचारतो, "सर, ह्या पुस्तकवाल्यानं कुठून घेतलं?"

ते आम्ही दोघे अजून शोधत आहोत.