सिकलसेलचे घर आणि कोरोनाचे दिवस

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला आरोग्यावर बोलायला सांगितले. विषय फार मोठा आहे आणि आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही म्हणजे या वस्तीतल्या त्या घरांची माणसे, ज्या घरांत सिकलसेलचा एसएस रुग्ण आहे. तेव्हा जे भोगले, त्यातलेच बोलू.

सिकलसेल आपल्या नागपूरला नवा नाही. येथील डॉक्टरांनी १९५८ साली त्यावर लिहिले, म्हणजे धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी. तरीही अजून कुणी याला मागच्या जन्मीचे पाप म्हणतो, कुणी बाहेरची बाधा म्हणतो. तसे काही नाही. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, एसएस रुग्णाची १० ते २० दिवसांत मोडते. अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला, प्राणवायू कमी पडला, की ती पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग जी कळ उठते ती ज्याने पाहिली त्यालाच ठाऊक. ज्या मुलखात मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली, त्या मुलखात हा गुण रक्तात टिकला. कारण एएस वाहक गंभीर मलेरियातून वाचत असे. आपले पूर्वज त्याने जगले आणि किंमत आपली लेकरे मोजत आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळीकडून एकच सांगणे, घरात राहा. आम्ही राहिलो. १४ एप्रिलची जयंती घरातच झाली, त्या वर्षी दीक्षाभूमीवरचा सोहळाही झाला नाही. किराणा आणायला घरातले एकच माणूस जाई, ते आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच रुग्णाजवळ जाई. पाहुणे बंद. काही जण म्हणाले, "यांना मोठा शिष्टपणा आला." म्हणोत बापडे. कोरोना फुफ्फुसावर बसतो, प्राणवायू कमी करतो. आणि प्राणवायू कमी झाला की सिकलच्या पेशी वाकतात. दोन्ही आजार एकमेकांचे काम सोपे करतात, हे ज्याला समजले तो घाबरणारच.

पण घरात राहणे हे आमच्यासाठी अर्धेच पथ्य होते. एसएस रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो. म्हणून आम्हाला वर्षानुवर्षे शिकवलेले, की ताप चढला, छातीत दुखले, की वाट पाहू नका, दवाखाना गाठा. आणि त्या दिवसांत लोक तापाचे नाव काढायलाच घाबरत होते! ताप सांगितला तर टेस्ट होईल, घरावर कागद चिकटेल, सगळ्यांना नेऊन ठेवतील. पुष्कळ घरांत पॅरासिटामॉल देऊन माणसे गप्प बसली. आम्हाला तसे बसणे परवडणारे नव्हते.

आमच्यापैकी एका घरी ऑगस्ट २०२० मध्ये १९ वर्षांच्या मुलाला रात्री ताप चढला, छाती धरून बसला. एका खाजगी दवाखान्याने दारातूनच सांगितले, कोविडचा रिपोर्ट आणा, मग पाहू. दुसरीकडे खाट नाही म्हणाले. शेवटी मेडिकल गाठले. तेथे आईने पहिले वाक्य बोलले ते हे : "माझा पोरगा एसएस आहे, हे त्याचं कार्ड." त्या एका वाक्याने डॉक्टरांना दिशा मिळाली. टेस्ट झाली, सलाईन लागले, प्राणवायू लागला, दोन बाटल्या रक्त चढले. मुलगा आज तुमच्यापुढे बसला आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की त्या घरात हे नाव घ्यायची बंदी होती. घरात लग्नाच्या मुली आहेत, नाव बाहेर गेले तर सोयरीक कोण करील, असे वडीलधारे म्हणत. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. लोक कसे वागतात ते त्यांनी पाहिले होते. रुग्णवाहिका आली तेव्हा गल्लीत कुजबुज झालीच, "यांच्या घरी कोरोना." मग त्या माउलीने दुसऱ्या दिवशी फोन करकरून स्वतःच सांगितले, की मुलाला सिकलसेल आहे, रक्त लागते. संध्याकाळपर्यंत सहा पोरं रक्तदानाला तयार झाली. त्यातली दोन घरे अशी होती, की ज्यांच्याशी नळाच्या पाण्यावरून बोलणे बंद होते.

रक्ताचे मोठेच संकट होते. शिबिरे बंद, कॉलेज बंद, आणि रक्ताची पिशवी ३५ ते ४२ दिवसांपलीकडे टिकत नाही. शासकीय रक्तपेढीत आमच्या रुग्णाला रक्त विनामूल्य आहे, पण पेढीत असेल तर ना! १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, तेव्हा डोस घेतल्यावर काही दिवस रक्त देता येत नसे. म्हणून आपल्या तरुण मंडळाने आधी रक्त, मग लस असे ठरवले. ते आम्ही विसरणार नाही.

लसीचेही सांगितले पाहिजे. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या आजारी माणसांना प्राधान्य मिळाले, त्या यादीत सिकलसेलचे नाव होते. बरे वाटले, पण आमच्याकडचे रुग्ण बहुतेक विशी-तिशीतले. पंचेचाळिशी पाहिलेले एसएस रुग्ण या वस्तीत किती आहेत ते तुम्हीच मोजा. १५ वर्षांवरील मुलांना तर लस जानेवारी २०२२ मध्ये मिळाली.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आमची पथ्ये संपली नाहीत. पाण्याची बाटली जवळच असते, नागपूरच्या उन्हात तर हवीच. हायड्रॉक्सियुरियाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रक्त तपासून चालते. ती महिनाभराची जास्तीची घरात असते, कारण टाळेबंदीत एसटी बंद पडली तेव्हा खेड्यातल्या रुग्णांच्या गोळ्या संपल्या होत्या. मेडिकल दुकानातून दुखण्याची कोणतीही गोळी मनाने आणत नाही, किडनीला त्रास होतो. ऑक्सिमीटरचा आकडा बरे असतानाच लिहून ठेवतो, कारण आमच्या काही रुग्णांचा आकडा एरवीही थोडा कमीच असतो. मूळ आकडा ठाऊक नसेल तर घसरला केव्हा ते कळायचे कसे? आणि गर्दीच्या कार्यक्रमात आमची मुले मास्क लावून दाराजवळ बसतात. कुणाला शिंका येत असतील तर उठून बाहेर जातात. राग मानू नका.

लग्नाचे राहिलेच. दोघेही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. एएस असलेल्या मुलीत किंवा मुलात काही कमी नाही. दोन एएस एकत्र येताना आधी विचार करावा, डॉक्टरांशी बोलावे, इतकेच. तपासणी बोटभर रक्ताची आहे. पत्रिका आपण सोडल्या, हा कागद मात्र पाहायला हरकत नसावी.

विहारात ग्रंथालयाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. रक्तगट, फोन नंबर आणि रात्री गाडी काढू शकणाऱ्यांची नावे त्यात लिहायची आहेत. मागच्या वर्षीची पाने भरली, नवीन वही आजच आणली आहे. भोजनदानाला जाण्याआधी तेवढे लिहून जा. जयभीम, नमो बुद्धाय.