पहिले पाऊल शाळेच्या उंबरठ्यावर
(पालक मेळाव्यातील व्याख्यान)



जूनच्या मध्यास शाळेची घंटा वाजते. नवे दप्तर, नवा डबा, नवा गणवेश घेऊन एक चिमुकले मूल फाटकापाशी उभे राहते आणि आईचा पदर घट्ट धरून रडू लागते. पाहणाऱ्यांना हसू येते, आईला लाज वाटते. परंतु त्या क्षणी मुलाच्या मनात एकच प्रश्न असतो: आई मला न्यायला परत येईल ना? पहिल्या वर्षाचे सारे यश या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

पाथर्डीला शिक्षणाचे संस्कार नवे नाहीत. पूज्य रत्नऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने १९२३ साली येथे तिलोक जैन ज्ञानप्रसारक मंडळाचे कार्य सुरू झाले आणि आडवळणाच्या या दुष्काळी तालुक्यात ज्ञानाची दारे उघडली. दार उघडणे हे संस्थेचे काम. त्या दारातून मूल आनंदाने आत जाईल हे पाहणे मात्र घर आणि शाळा या दोघांचे काम आहे.

महाराष्ट्रात हा विचार कृतीत आणला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तेथूनच ‘अंगणवाडी’ हे नाव रूढ झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरविली. मूल शाळेत रमत नसेल तर शाळेने मुलाकडे चार पावले चालून जावे, हा त्यामागील अर्थ. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतही अंगणवाडी हेच नाव आले.

आता घरातील गोष्ट. मूल खेळात गुंतले की आईने हळूच मागच्या मागे निघून जावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्याने त्या दिवशीचे रडणे टळते. पण दुसऱ्या दिवसापासून मूल खेळात गुंतेनासे होते, कारण नजर हलली की आई नाहीशी होते हे त्याने ओळखलेले असते. त्यापेक्षा मुलाला जवळ घ्यावे, ‘डबा खाऊन झाला, गाणी झाली की मी येते’ असे सांगावे आणि निघावे. निरोप थोडक्यात असावा. पुन्हा पुन्हा मागे वळून पाहिले की मुलाची भीती वाढते. आणि सांगितलेल्या वेळी पोहोचावेच. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला आईचा शब्द हेच घड्याळ असते.

काही घरांत ‘त्रास दिलास तर शाळेत टाकीन’ असा धाक घातला जातो. वर्षभर ज्या जागेची शिक्षा म्हणून ओळख करून दिली, तेथे जूनमध्ये मूल हसत कसे जाणार?

घरात मारवाडी किंवा गुजराती आणि शाळेत मराठी वा इंग्रजी, अशी आपल्या अनेक कुटुंबांची स्थिती असते. मूल बोलत नाही म्हणजे ते मंद आहे, असा निष्कर्ष काढू नये. ते ऐकत असते. तहान, भूक, लघवी यांसाठी घरात चालणारे शब्द पहिल्याच आठवड्यात बाईंना कळवावेत. पुष्कळ मुलांची चड्डी केवळ शब्द न सापडल्यामुळे ओली होते आणि त्या लाजेने ती शाळा नको म्हणतात. या काळात सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात जाईल, रात्री अंथरूण ओले होईल. त्याबद्दल रागावू नये. मात्र काही आठवड्यांनंतरही मूल जेवेनासे, झोपेनासे झाले असेल तर बाईंशी आणि डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

आजीबरोबर स्थानकात गेलेल्या बालकाला आठवावे. सामायिक ४८ मिनिटांचे. मूल थोडा वेळ बसते, मांडीवर लवंडते, उठून बाहेर जाऊन येते. कोणी त्याला रागावत नाही. तरीही त्याच सहवासात हळूहळू त्याला बसण्याची सवय लागते. हाच धीर शाळेच्या बाबतीत का नसावा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा मानला असून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. बालवर्गातच वहीभर अक्षरे मागणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

या तालुक्यात आणखी एक मूल आहे, त्याला विसरून चालणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. जूनमध्ये रडत आलेले, ऑगस्टमध्ये रुळलेले ते मूल वर्गातून उठून बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये बसते. वसंत ऋतूत परतते तेव्हा त्याच्यासाठी शाळा पुन्हा पहिल्या दिवसाची झालेली असते. आजी-आजोबांजवळ गावातच राहता आले, हंगामी वसतिगृहाचा आधार मिळाला, तर त्याचे वर्ष वाचते. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे; दुसऱ्या शाळेत जाताना दाखल्याला विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ही माहिती त्या पालकांपर्यंत पोहोचविणे आणि परतलेल्या मुलाला वर्गात पुन्हा सामावून घेणे, यांत दुकानदार, शिक्षक, विश्वस्त सर्वांचा वाटा असू शकतो. आपल्या मुलाच्या शेजारची रिकामी जागा ही आपलीही काळजी आहे.

शाळा सुरू होऊन साधारण अडीच-तीन महिने झाले की संवत्सरी येते. थोरामोठ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते. यंदा पालकांनी एकदा घरातील चिमुकल्यापुढेही हात जोडावेत. न सांगता निघून गेल्याबद्दल, शेजारच्या मुलाशी तुलना केल्याबद्दल, रडण्यावर हसल्याबद्दल. शब्दांचा अर्थ त्याला कळणार नाही, जोडलेले हात मात्र कळतील. आणि दुसऱ्या दिवशी फाटकापाशी पदराची मूठ कदाचित थोडी सैल होईल.