भंगारातील रोहित्र



भोरहून वेल्ह्याकडे जाताना गावोगावी खांबांवर एक लोखंडी पेटी दिसते. लोक तिला डीपी म्हणतात; कागदोपत्री तिचे नाव रोहित्र. 11,000 व्होल्टने आलेली वीज उतरवून ती आपल्या घरी 230 व्होल्टने पोचवते. दाब उतरला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो. भंगारातून घरी बनवता येणाऱ्या स्पॉट वेल्डिंग यंत्राचे सारे मर्म या एका नियमात आहे.

पत्र्याची कोठी किंवा कोंबड्यांचा पिंजरा करताना दोन पातळ पत्रे जोडावे लागतात. कांडीच्या वेल्डिंगने पातळ पत्रा जळून भोक पडते. मग उपाय कोणता? विजेच्या प्रवाहानेच धातू जोडण्याच्या कृतीचे पेटंट एलिहू थॉमसन याने 1886 साली अमेरिकेत मिळवले. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, हा जूलचा नियम. तांब्याच्या दोन टोकांत पत्रे दाबून धरले, तर सर्वांत अधिक रोध पत्र्यांच्या स्पर्शाच्या जागी असतो. तेथेच ठिपक्याएवढे लोखंड वितळते आणि जोड बसतो.

मोडीत निघालेल्या मायक्रोवेव्ह भट्टीत असेच एक रोहित्र असते. मात्र ते 230 व्होल्टचे सुमारे 2,000 व्होल्ट करते. मूळ वेटोळ्याला धक्का न लावता त्याचे उच्च दाबाचे वेटोळे कापून काढायचे आणि त्या जागी जाड तांब्याच्या केबलचे दोन वेढे घालायचे. दाब दोन-एक व्होल्टांवर येतो आणि प्रवाह शेकडो अँपिअर होतो. पातळ लोखंडी पत्र्याला एक-दोन सेकंद पुरतात. वीज बंद झाल्यावरही दाब क्षणभर कायम ठेवावा, म्हणजे वितळलेला ठिपका नीट गोठतो.

पण श्रोतेहो, ही कृती ऐकून कोणी आज रात्रीच पाना घेऊन बसू नये. भट्टीतील कपॅसिटर तारा काढल्यानंतरही प्राणघातक वीज साठवून असतो. मॅग्नेट्रॉनची चिनी मातीसारखी कडी फोडू नयेत. काहींत बेरिलियमचे विष असते. जस्ती पत्र्याचा धूरही घातक. तयार यंत्राच्या मूळ वेटोळ्यात 230 व्होल्ट असतातच. म्हणून अर्थिंग, फ्यूज आणि पायाने दाबायचे बटण हवेच.

तेव्हा हे काम कोठे व्हावे? आपल्याच पुणे जिल्ह्यात, पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम उभा केला आणि खेड्यातील मुलांना हातांनी काम करीत विज्ञान शिकवले. तसे एक टेबल भोरला आणि एक वेल्ह्याला, जाणत्या वायरमनच्या देखरेखीखाली, का असू नये? मुलगा भंगार उघडणारच; कुतूहलाला कुलूप लावता येत नाही. तो एकट्याने उघडतो की जाणत्यासमोर, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे. 2,000 व्होल्टने जीव घेणारे तेच रोहित्र 2 व्होल्टने पत्रे जोडते. मधले अंतर केवळ ज्ञानाचे आहे, आणि ते देणे हे आपणा मोठ्यांचे काम आहे.