एका गाण्याला कात्री, दुसऱ्याला मोकळे रान



पुस्तक विकत घ्यावे लागते, चित्रपटाला तिकीट काढून जावे लागते. रेडिओ मात्र स्वयंपाकघरात, रिक्षात, केशकर्तनालयात, पानाच्या ठेल्यावर न मागता ऐकू येतो. ऐकणाऱ्याने ते गाणे निवडलेले असतेच असे नाही. शेजारी पाच वर्षांचे मूल असते, सत्तरीच्या आजी असतात. म्हणून नभोवाणीवरील शब्दाला मर्यादा असावी, याविषयी कोणाही सुजाण माणसाच्या मनात शंका नसावी. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानेही अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतानाच सभ्यता आणि नीतिमत्ता यांसाठी वाजवी निर्बंधांची सोय ठेवली आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे : ही मर्यादा कोणी, कोणत्या मापाने आणि कोणाच्या सोयीसाठी आखली? नभोवाणीचा इतिहास चाळला, तर माप दर वेळी बदललेले दिसते.

शब्द तेच, सत्ता निराळी

स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर मुंबई केंद्रावरून गात असताना त्यांनी 'वंदे मातरम्'ला सुरुवात केली आणि प्रक्षेपण थांबविण्यात आले. मास्तरांनी आकाशवाणीवर बहिष्कार घातला. पुढे १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे त्याच आकाशवाणीवरून पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या कंठातून 'वंदे मातरम्' देशभर निनादले आणि २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी या गीताला राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान जाहीर केला. बंकिमचंद्रांचा एक शब्दही या काळात बदलला नव्हता.

उलट उदाहरण १९४३ च्या 'किस्मत' चित्रपटाचे. कवी प्रदीप यांनी परकीयांना दूर व्हायला सांगणारे गीत लिहिले. त्यात जर्मनी आणि जपान यांची नावे असल्याने ब्रिटिश परीक्षकांनी ते संमत केले. चित्रपटगृहांतील प्रेक्षकांना मात्र त्याचा खरा अर्थ बरोबर कळला. सरकारला उशिरा जाग आली आणि प्रदीप यांना भूमिगत व्हावे लागले. कात्रीला शब्द वाचता येतात, अर्थ वाचता येत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले.

स्वतंत्र भारतातील कात्री

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची तळमळ प्रामाणिक होती. देशातील गुणी गवय्यांना त्यांच्या काळात आकाशवाणीवर मानाचे स्थान मिळाले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु चित्रपटगीते हलकी असतात, असा सरसकट निवाडा करून त्यांच्यावर निर्बंध आले. निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. १९५२ मध्येच सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून सरकारला तीच गीते पुन्हा जवळ करावी लागली.

केसकरांचा हेतू तरी रसिकतेचा होता. पुढच्या काही प्रकरणांत तोही दिसत नाही. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्यसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पंडित हृदयनाथ मंगेशकर यांचे उदाहरण दिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांची कविता आकाशवाणीवर सादर केल्यामुळे आठ दिवसांत त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात नेहरूंवर टीका करणारी कविता म्हटल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या मजरूह सुलतानपुरी यांचाही उल्लेख होता. मजरूह डाव्या विचारांचे होते. म्हणून त्यांच्यावरील अन्याय कमी ठरत नाही.

आणीबाणीत तर मुखवटाच गळून पडला. सरकारी कार्यक्रमांच्या प्रचारासाठी सहकार्य नाकारल्यावरून ४ मे १९७६ पासून किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद झाली. कालपर्यंत जी गाणी निर्दोष होती, ती एका रात्रीत वर्ज्य ठरली. त्यांतील एकाही ओळीला कोणी अश्लील म्हटले नव्हते. शाह आयोगासमोर हे प्रकरण आले, म्हणून ते जगाला कळले. स्वयंसेवकांची हजारो कुटुंबे तेव्हा तुरुंगवासाच्या झळा सोसत होती. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी आणि गाण्यांवरील बंदी यांचा उगम एकच होता, हे त्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नाही.

एक मंत्रालय, दोन न्याय

आता ज्यासाठी निर्बंध हवेत, त्या असभ्यतेकडे पाहू. १९७१ च्या 'हरे राम हरे कृष्ण' मधील नशेच्या गाण्याला आकाशवाणीने बंदी केली. पण ज्या चित्रपटात ते होते, त्याला प्रमाणपत्र मिळाले होते. १९९३ मध्ये 'खलनायक'मधील द्व्यर्थी गाण्याच्या बाबतीत तेच घडले. चित्रपट संमत, ध्वनिफिती बाजारात, लग्नाच्या वरातीत बँडवर तेच गाणे. फक्त आकाशवाणी आणि दूरदर्शनला ते वर्ज्य. परीक्षण मंडळ आणि आकाशवाणी दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली. एका हाताने शिक्का मारायचा आणि दुसऱ्या हाताने कान झाकायचे, असा हा प्रकार.

२००१ पासून खासगी एफएम केंद्रे आली. आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता त्यांनाही लागू आहे. तिच्यात 'अश्लील' शब्द आहे. पण अश्लील कशाला म्हणायचे, हे प्रत्येक केंद्राने आपापल्या परीने ठरवायचे. १ डिसेंबर २०२२ रोजी मंत्रालयाने एफएम वाहिन्यांना मद्य, अमली पदार्थ, शस्त्रे आणि गुंडगिरी यांचे उदात्तीकरण करणारी गाणी वाजवू नयेत, अशी सूचना दिली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने याकडे लक्ष वेधले होते. सूचना योग्यच होती. परंतु असा नियम सूचनेच्या कागदावर राहू नये. तो रोजच्या कामकाजात उतरावा.

शब्दापुरते पाहणाऱ्या यंत्रणेचा आणखी एक नमुना २०१५ चा. एका गाण्याच्या चित्रफितीतील 'बॉम्बे' हा शब्द परीक्षण मंडळाच्या आदेशाने बुजविण्यात आला. त्याच वर्षी 'बॉम्बे वेल्वेट' हा चित्रपट त्याच नावाने झळकला. मुंबादेवीच्या नगरीला तिचे हक्काचे नाव मिळाले, याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला आहे. परंतु नियम असेल तर तो गरीब गायकाला आणि कोट्यवधींच्या चित्रपटाला सारखाच लागला पाहिजे.

'ऑर्गनायझर'चा धडा

राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्याने या प्रश्नाकडे पाहताना १९५० हे वर्ष विसरू नये. दिल्लीत 'ऑर्गनायझर' साप्ताहिकावर पूर्वपरीक्षणाचा आदेश बजावण्यात आला, तेव्हा ते साप्ताहिक सर्वोच्च न्यायालयात गेले. मे १९५० मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. लगेच पुढच्या वर्षी घटनेत पहिली दुरुस्ती होऊन निर्बंधांचे क्षेत्र वाढविण्यात आले. ज्यांनी लहरी कात्रीचे घाव सोसले, त्यांनी सत्ता आपल्या विचारांची असतानाही लहरी कात्रीची मागणी करता कामा नये. श्रद्धास्थानांची विटंबना झाली, तर सनदशीर मार्गाने निषेध अवश्य करावा. परंतु सत्तेवरील माणसाच्या मर्जीवर चालणारे हत्यार उद्या कोणाच्या हातात जाईल, याचा भरवसा कोणी द्यावा?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सरकारी केंद्र आणि खासगी केंद्र यांना एकच माप असावे. गाणे थांबविले तर त्याचे कारण लेखी द्यावे आणि ते लोकांना पाहता यावे. त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. श्रोत्याच्या तक्रारीला मुदतीत उत्तर मिळावे. सभ्यता हा निकष असेल तर तो सभ्यतेपुरताच वापरावा. टीका दडपण्यासाठी नव्हे.

आणि शेवटचा मुद्दा घराचा. कात्रीने वाईट गाणे थांबेल. चांगले गाणे जन्माला येणार नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. केंद्राच्या सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, बाबूजी सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. महाराष्ट्र त्या वेळेला रेडिओभोवती गोळा होऊन बसत असे. कोणावर बंदी घालावी लागली नाही. चार-चौघांनी एकत्र बसून ऐकावे असे काही समोर आले आणि समाजाची अभिरुची आपसूक वर गेली.

मुलांच्या कानांवर काय पडते, याची चिंता करणाऱ्या पालकांनी केंद्राला तक्रारीचे पत्र जरूर लिहावे. त्याच संध्याकाळी मुलांना जवळ बसवून एक चांगले गाणेही ऐकवावे. पहिले काम नागरिकाचे, दुसरे संस्काराचे. दोन्ही एकाच घरातून व्हायला हवीत.