मधल्या सुट्टीतला सोबती

स्वमग्न मुलाला शाळेत सगळ्यात अवघड काय जातं? बऱ्याचदा अभ्यास नव्हे, मधली सुट्टी! वर्गात बाई सांगतात तसं करायचं असतं. पण सुट्टीची घंटा घणघणली की पोरं एकदम धावत सुटतात, आणि खेळाचे नियम कुणी सांगत नाही. मग हे मूल कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसतं. लोक म्हणतात, 'आईनं लाडावलंय.' तसं नसतं. त्याच्या मेंदूची घडणच वेगळी असते. त्यात आईचा दोष नाही.

मग करायचं काय? वर्गाच्या बाईंना भेटा. घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी त्याला सांगून ठेवा म्हणावं. पोषण आहाराच्या पंगतीत त्याची जागा रोज तीच असू द्या. एक-दोन समजूतदार मुलं सोबतीला द्या. सागरगोट्यांसारखा पाळीपाळीचा खेळ आधी घरी खेळून घ्या. 'थांब', 'मला नको' म्हणायला शिकवा. बोलत नसेल तर चित्राचं कार्ड द्या. नजरेला नजर मिळवायची सक्ती नको.

शाळा नाही म्हणाली तर? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नताही आहे. सरकारी वा मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा.

आणि बाकीच्या आयांनो, आज आपल्या लेकरांना एवढंच विचारा, 'तुझ्या वर्गात सुट्टीत एकटं कोण बसतं?'