उत्सवाचा विचार शेवटापासून

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या पन्नास वर्षांत ज्यांनी तन-मन-धन वेचून या न्यासाचा वृक्ष वाढविला, त्या ज्ञात-अज्ञात सर्वांना प्रथम वंदन करतो. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या सांगतेचा सोहळा आता काही महिन्यांवर आला आहे. पूजाविधान, शोभायात्रा, संमेलन आणि स्नेहभोजन अशी त्याची रूपरेषा ठरत आहे. नेमक्या अशा वेळी 'पर्यावरणपूरक सोहळ्याचे नियोजन' या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली. विषय नवा वाटेल. परंतु तो आपल्या आचारधर्माच्या गाभ्यातलाच आहे, असे माझे नम्र प्रतिपादन आहे.

आरंभी माझ्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी शिरोळ तालुक्यातील एका गावी पंचकल्याणक प्रतिष्ठा महोत्सव झाला. मी भोजन समितीत होतो. अखेरच्या दिवशी गर्दी उसळेल या अंदाजाने आम्ही सकाळीच सगळे हंडे चढविले. दुपारी अपेक्षेच्या निम्मीच पाने उठली. भात, आमटी, शिरा, सारे उरले. रात्री दमलेल्या कार्यकर्त्यांनी ते मंडपामागच्या ओढ्याकाठी नेऊन ओतले. त्यावर थर्माकोलची उष्टी ताटे आणि द्रोण पडले. "सकाळी बघू," असे मीच म्हणालो होतो. सकाळी गेलो, तो आंबलेल्या भातावर माश्या घोंगावत होत्या, आमटीत असंख्य किडे-मुंग्या बुडून मेल्या होत्या आणि दोन गाई अन्नासह ताटांचे तुकडे चघळत होत्या. आदल्याच दिवशी त्या मंडपात मुनिश्रींचे अहिंसेवर प्रवचन झाले होते आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या होत्या. त्या सकाळपासून एक प्रश्न मला सोडीत नाही. अहिंसेचा उत्सव करताना आपण मागे हिंसा ठेवून येत असू, तर त्या उत्सवाचा हिशेब कसा मांडायचा?

हा प्रश्न एका गावापुरता नाही. २०२३ च्या फेब्रुवारी महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, कणेरी येथील सिद्धगिरी मठावर पंचमहाभूत लोकोत्सव भरला होता. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश यांच्या रक्षणाचा विचार लोकांपुढे ठेवणे हाच त्याचा हेतू होता आणि लाखोंच्या संख्येने लोक आले. त्याच काळात तेथील गोशाळेतील पन्नासहून अधिक गाई दगावल्या. उरलेले शिळे अन्न खाण्यात आल्याने हे घडल्याची वृत्ते त्या वेळी प्रसिद्ध झाली. कोणास दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. हेतू उदात्त, विषय पर्यावरणाचाच, आणि गाईंवर प्रेम करणारी माणसे. तरीही हे घडले. म्हणूनच ते आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखे आहे. सद्भाव नियोजनाची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा धडा आहे.

यामागील शास्त्रही समजून घेऊ. गाईचे पहिले पोट चारा आंबविण्यासाठी घडलेले असते. त्यातील सूक्ष्म जीव वैरणीवर हळूहळू काम करतात. भात, पोळ्या, गोड पदार्थ असे शिजलेले पिष्टमय अन्न एकदम मोठ्या प्रमाणात पोटात गेले, की ते झपाट्याने आंबते आणि आम्ल साचते. उपयुक्त जीव मरतात, पोट फुगते, अंगातील पाणी कमी होते आणि जनावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दगावू शकते. 'उरले ते गाईला घाला' हे आपण पुण्य समजतो. घासभर पोळी देणे वेगळे आणि पंगतीचे उरलेले हंडे गोठ्यात रिते करणे वेगळे.

श्रावकहो, आपल्या मुनिधर्मात पाच समिती सांगितल्या आहेत : ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. चालावे कसे, बोलावे कसे, आहार घ्यावा कसा, वस्तू उचलावी-ठेवावी कशी, यांबरोबरच टाकून द्यायचे ते कोठे आणि कसे टाकावे याचाही स्वतंत्र नियम आहे. जागा निर्जंतुक आहे ना, हे आधी पाहायचे आणि मगच त्याग करायचा. आज ज्याला कचरा व्यवस्थापन म्हणतात त्याला आपल्या आचार्यांनी साधनेच्या नियमांत स्थान दिले. पाणी गाळून घेतल्यावर गाळण्यातील जीव पुन्हा त्याच जलाशयात अलगद सोडण्याची जिवाणीची रीत आपल्या आजींनी पाळली. ती करणाऱ्या समाजाने ओढ्यात आमटी ओतावी, यासारखी विसंगती कोणती?

म्हणून माझे सांगणे एकच आहे. उत्सवाचा विचार शेवटापासून करावा. निमंत्रण पत्रिका छापण्याआधी, सोहळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर काय उरणार आहे आणि ते कोठे जाणार आहे, हे कागदावर लिहावे. ज्या वस्तूचा शेवट आपल्याला ठाऊक नाही, ती वस्तू मंडपात आणू नये. जगही याच विचाराकडे वळले आहे. लंडन ऑलिंपिकच्या वर्षी, २०१२ मध्ये, सोहळ्यांच्या शाश्वत नियोजनासाठी 'आयएसओ २०१२१' हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. त्याचा आशय असा, की परिणामांचा विचार आरंभीच करावा, जबाबदाऱ्या नेमाव्यात, मोजमाप ठेवावे आणि पुढच्या वेळी सुधारणा करावी. आपल्या भाषेत यालाच यत्नाचार म्हणतात.

हे आपल्याकडे जमेल काय, अशी शंका कोणी घेईल. कोल्हापूरकरांनी ते जमवून दाखविले आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून आपली पंचगंगा होते. प्रयाग चिखलीहून ती शहराला वळसा घालून इचलकरंजी, शिरोळमार्गे नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. शहरातून नदीत जे जाते ते खालच्या गावांच्या पाण्यात उतरते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि त्यांवरील रासायनिक रंग पाणी बिघडवितात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. परंतु त्याच्याही आधीपासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, निसर्गप्रेमी मंडळी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी घाटावर उभे राहून मूर्तिदानाचे आणि निर्माल्य वेगळे देण्याचे आवाहन करीत होते. प्रारंभी विरोध झाला. पुढे महानगरपालिकेने ठिकठिकाणी कुंडे आणि गुऱ्हाळातल्यासारख्या काहिली ठेवल्या, निर्माल्याची स्वतंत्र व्यवस्था केली, मोठ्या मूर्तींसाठी इराणी खणीचा पर्याय दिला, आणि हळूहळू लोक वळले.

यातून घ्यायचा बोध असा, की नुसते 'नको' म्हटल्याने माणसे बदलत नाहीत. हाताशी सोयीचा, सन्मानाचा पर्याय असला की बदलतात. भक्ताला नदी सोडावी लागली, भक्ती सोडावी लागली नाही. काहील मात्र गणपती दारात येण्याआधी चौकात ठेवलेली असावी लागते. नियोजन म्हणजे हेच.

आता आपल्या सोहळ्याकडे वळू.

पहिली गोष्ट भोजनाची. आपल्याकडे यजमानाला सर्वांत मोठे भय असते ते अन्न कमी पडण्याचे. पाहुणा उपाशी गेला तर नाव जाईल, या धास्तीने आपण दीडपट शिजवितो. पाच हजार पानांवर प्रत्येकी फक्त पन्नास ग्रॅम अन्न उरले, तरी अडीचशे किलो होते. यावर उपाय साधा आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांकडून आठ दिवस आधी आकडा घ्यावा. अपेक्षित संख्येच्या तीन चतुर्थांश स्वयंपाक प्रथम करावा. उरलेला तांदूळ, डाळ, पीठ तयार ठेवून चूल पेटती ठेवावी आणि पंगतीचा अंदाज पाहून पुढचा हंडा चढवावा. न शिजविलेले धान्य पोत्यात परत जाते. शिजविलेला भात पुन्हा तांदूळ होत नाही. वाढप्यांना आधी विचारून वाढण्याची ताकीद द्यावी. आग्रह शब्दांनी करावा, पळीने करू नये. आणि पदार्थ पाच असले तरी आतिथ्य उणे होत नाही.

एवढे करूनही जे उरेल त्याची वाट आधीच ठरलेली असावी. स्वच्छ, अनुच्छिष्ट अन्न सूर्यास्तापूर्वी गरजूंपर्यंत पोहोचविण्यास वाहन आणि माणसे नेमलेली असावीत. उष्टे अन्न जनावरांच्या गोठ्याकडे न जाता बायोगॅसकडे किंवा खताच्या खड्ड्याकडे जावे. आपल्या भागात उसाचे पाचट विपुल आहे. ओल्या अन्नाचा एक थर आणि पाचटाचा जाड थर, असे रचत गेल्यास दुर्गंधी येत नाही आणि काही महिन्यांत शेताला खत मिळते. ज्या शेतकरी बांधवाच्या रानात मंडप उभारतो, त्याला ही परतफेड होईल.

दुसरी गोष्ट ताट-पेल्यांची. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकवर निर्बंध आले आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटे, पेले, चमचे इत्यादी वस्तूंना तसेच सजावटीच्या थर्माकोलला बंदी झाली. तरीही कागदी म्हणून मिळणाऱ्या अनेक ताटांना व पेल्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो, हे ध्यानात ठेवावे. पानांच्या पत्रावळी घ्याव्यात; अथवा भाड्याची स्टीलची ताटे घेऊन धुण्याचे पाणी झाडांच्या आळ्यांत सोडण्याची सोय करावी. पाण्याच्या बाटल्यांऐवजी गाळलेल्या पाण्याचे माठ, टाक्या आणि स्टीलचे पेले ठेवावेत. प्रत्येकी दोन बाटल्या धरल्या, तर पाच हजार माणसांच्या दहा हजार बाटल्या वाचतात.

तिसरी गोष्ट पूजेची. येथे मी अत्यंत नम्रपणे बोलतो. दूध गटारातून ओढ्यात गेले, तर ते पाण्यातील प्राणवायू फार वेगाने शोषून घेते. या बाबतीत दुधाचा भार घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट असतो. मासे आणि अन्य जलचर त्याने गुदमरतात. अभिषेकाचे द्रव्य विधीस आवश्यक तेवढेच घ्यावे आणि ते पायाखाली न येणाऱ्या जागी, झाडांमधील शोषखड्ड्यात मुरवावे. फुले व निर्माल्य यांचे खत करावे. विधीत काही उणे न होता जीवदया साधेल.

चौथी गोष्ट ध्वनी आणि विजेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र दहा वाजता सुरू होते. शोभायात्रेत डॉल्बीऐवजी झांजपथक, लेझीम आणि भजनी मंडळे असावीत. रात्रिभोजन त्यागाचे आपले व्रत तर येथे मोठे साहाय्यक आहे. सोहळा दिवसाउजेडी आटोपला, तर रोषणाई आणि जनित्र दोन्ही वाचतात. एक लिटर डिझेल जळाले, की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

या सर्वांसाठी एक 'उत्सर्ग समिती' नेमावी, अशी माझी सूचना आहे. स्वागत, भोजन, मंडप या समित्यांच्या बरोबरीने तिचे नाव पत्रिकेवर छापावे. शंभराहून अधिक लोकांच्या कार्यक्रमाची पूर्वसूचना किमान तीन दिवस आधी स्थानिक संस्थेस द्यावी आणि कचरा जागीच वेगळा करावा, अशी तरतूद २०१६ च्या घनकचरा नियमांत करण्यात आली होती. कायदा सांगतो म्हणून आपण करावे, हे आपल्याला शोभणारे नाही. ओला, सुका आणि निर्माल्य असे तीन भाग करण्यास तरुण-तरुणी उभे राहावेत. कचरा वेचणाऱ्या भगिनींना आधीपासून सहभागी करून त्यांचा योग्य मोबदला द्यावा आणि त्यांना पहिल्या पंगतीस बसवावे.

खर्च वाढेल, असे म्हटले जाईल. पत्रावळी थोड्या महाग पडतील हे खरे. पण उरणारे अन्न, कमानी आणि फलक यांवरील खर्च घटेल. शिल्लक आणि तूट यांचा हिशेब आपण अहवालात मांडतोच. त्याच अहवालात, किती अन्न उरले, किती कचरा निघाला आणि तो कोठे गेला, याचेही एक पान असावे.

२०१९ आणि २०२१ चे महापूर आपण अनुभवले. पाणी ओसरल्यावर काठच्या झाडांवर लटकलेल्या पिशव्याही पाहिल्या. नदीने आपले दान आपल्यालाच परत केले होते.

सांगता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य वर येण्यापूर्वी, विश्वस्तांनी मैदानावर अनवाणी एक फेरी मारावी. पायाला टाचणी टोचली नाही, ओढ्याचे पाणी आदल्या दिवशीसारखेच वाहत असले आणि कोणतेही जनावर उष्ट्यात तोंड घालताना दिसले नाही, तर हा सुवर्णमहोत्सव सुफळ झाला असे समजावे.